स्टेअरिंग जड होतं, म्हणून

आमच्या अंगणात गाडी वळवायची म्हणजे तीनदा पुढं आणि तीनदा मागं घ्यावी लागते. एका अंगाला गोठा, दुसऱ्या अंगाला चिपाडाची गंजी, मधोमध तुळशीवृंदावन. आबांनी पस्तीसेक वर्षं तेवढ्याशा जागेत पिकअप वळवली. डावा पाय क्लचवर, दोन्ही हात स्टेअरिंगच्या एकाच बाजूला, पाठ सीटवरून सुटलेली, मानेच्या शिरा ताठ. लहानपणी मी आणि दादा ओट्यावर बसून ते बघायचो. कुस्तीच्या मैदानात जोड भिडावी तसं ते दिसायचं. आबा तालमीत वाढलेले, त्यांना ते शोभायचंही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्याच आठवड्यात, पंचगंगेचं पाणी त्या अंगणात शिरलं. आमचं गाव नदीकाठचं, पाणी नवं नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ४३ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी ते ५५ फुटांच्या वर गेलं. मी कोल्हापुरातून आई-आबांना न्यायला संध्याकाळी पोचले तेव्हा गोठ्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. आबा जनावरं सोडून उंचावर न्यायला गेले होते. त्यांच्या उजव्या खांद्याचा स्नायू वर्षभरापूर्वी फाटलेला. हात कानापर्यंतही जात नव्हता. दादा पुण्यात. पिकअप तोंड भिंतीकडं करून उभी.

गाडी सुरू मी केली. क्लच-गिअर मला येत होते, माझी कार मी रोज चालवते. पण स्टेअरिंग हललं नाही. म्हणजे अर्धी मूठ हललं आणि थांबलं. खाली चिखल, पुढच्या अ‍ॅक्सलवर डिझेल इंजिनाचा बोजा, चाकं रुतलेली. आई पदर खोचून दुसऱ्या बाजूनं चढली. आम्ही दोघी एका स्टेअरिंगला लटकलो. मी ओढत होते, ती ढकलत होती, कुणाचा पाय कशावर पडतोय याचं भान नव्हतं. गाडी दोन हात मागं गेली, वृंदावनाला टेकली आणि बंद पडली. तोवर पाणी दाराच्या पायरीला आलं. आबा परत आले, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सोडा तिला. उतरा खाली."

पाच दिवस गाडी पाण्यात होती.

ती पिकअप १९७४ ची. महिंद्रची, पुढून सरळ सरळ जीप आणि मागं हौदा. आबांनी ती १९८३ साली जुनीच घेतली. मुळात तिच्यात हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, साधारण सव्वादोन लिटरचं. ते पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. चार वर्षांनी आबांनी त्या जागी प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि आरसी बुकात तशी नोंदही करून घेतली. त्या काळात आमच्या भागातल्या कितीतरी जीपगाड्यांचं असंच झालं. इंजिन बदललं तसं पुढचं वजन वाढलं, मग मूळच्या अरुंद टायरच्या जागी आबांनी रुंद टायर घातले, आणि स्टेअरिंग आणखी जड झालं. हे सगळं मला आत्ता कळतं. तेव्हा आम्हांला वाटायचं, गाडी आहेच अशी. बैल मारका असतो, तशी ही जड.

गूळ वाहायला ती गाडी होती. हंगामात गुऱ्हाळावर काहील उतरली, गूळ वाफ्यात थंड होऊन रव्यात भरला की तीस-तीस किलोचे रवे हौद्यात रचायचे आणि पहाटे मार्केट यार्डात सौद्याला न्यायचे. त्याआधी गुळाचा बाजार शाहूपुरीत होता. शाहू महाराजांनी १८९५ साली ती पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठीच. आजोबा तिथं बैलगाडीनं जायचे. आबांच्या लेखी पिकअप म्हणजे त्याच बैलगाडीची पुढची पिढी होती, आणि तिच्यावर बसायचा मान घरातल्या पुरुषाचा.

दादाला त्यांनी सोळाव्या वर्षी शिकवली. मी चौदा वर्षांची होते, मीही मागं लागले. आबा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. मला सीटवर बसवलं, गाडी बंदच होती, आणि म्हणाले, "वळीव." मी सगळा जीव एकवटून ओढलं. चाक तसूभर हललं नाही. "बघितलंस? पोरीच्या हातात न्हाई यायची ही गाडी. जड हाय." माझा त्यावर विश्वास बसला. एवढंच काय, मला तो न्याय वाटला. दादाला त्यांनी चालत्या गाडीवर शिकवलं होतं, आणि गाडी जरा जरी सरकत असली तरी कुठलंही स्टेअरिंग निम्म्यानं हलकं होतं, हे मला पुढं वीस वर्षांनी समजलं. उभ्या गाडीत टायरचा सगळा तळवा जमिनीला घासत वळवावा लागतो; चालत्या गाडीत टायर फिरता फिरता वळतो. आबांनी मुद्दाम तसं केलं नसावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांनाही ते कारण ठाऊक नसणार. त्यांना फक्त निकाल ठाऊक होता.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी त्यांनी मला शिकवली. "अंगठा रिंगच्या आत घालायचा न्हाई. भाईर, वर ठेवायचा." आणि स्वतःचा डावा अंगठा दाखवला. तो सांध्यापाशी वाकडा आहे. दगडावर पुढचं चाक आपटलं की तो दणका चाकातून टायरॉडमध्ये, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दांड्यात, तिथून स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये आणि बॉक्समधून स्टेअरिंगच्या आऱ्यात येतो. आरा गर्रकन फिरतो आणि आत अडकलेला अंगठा मोडतो. जुन्या जीपवाल्यांना हे सांगावं लागत नाही. आबांना ते जोतिबाच्या डोंगराच्या कच्च्या वाटेवर, चैत्री यात्रेला माणसं घेऊन जाताना कळलं होतं. मोडलेल्या अंगठ्यानं त्यांनी गाडी वर नेली आणि खालीही आणली.

पूर ओसरल्यावर पिकअप गाळानं भरली होती. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी सगळं उघडावं लागलं. स्टेअरिंग बॉक्सचं झाकण काढलं तेव्हा तेलाऐवजी चहाच्या रंगाचं पाणी निघालं आणि आतल्या कॅमवर गंजाचे खड्डे पडलेले. तो बॉक्स जुन्या धर्तीचा, कॅम आणि लिव्हरचा. स्टेअरिंगच्या दांड्याला पीळ असलेला कॅम, त्यात लिव्हरच्या खुंट्या सरकतात आणि खालचा ड्रॉप आर्म नावाचा दांडा हलतो. खुंट्यांना घासत सरकावं लागतं, म्हणून मुळातच चिकट. नंतरच्या गाड्यांत तिथं पोलादी गोळ्या आल्या, घासण्याच्या जागी घरंगळणं आलं. आमच्या बॉक्सचे सुटे भाग मिळत होते. थोडे दिवस शोधलं असतं तर होता तसा उभा राहिला असता.

मी म्हटलं, पॉवर स्टेअरिंग बसवू.

आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दसऱ्याला मेबॅक येती चौकात. तिला कुणी पॉवर स्टेअरिंग बसवलंय?" माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. आबा दरवर्षी दसरा चौकात सोनं लुटायला जातात, आणि छत्रपतींच्या घराण्याची ती मेबॅक मोटार आली की गर्दीतून वाट काढत तिच्या चाकापर्यंत पोचतात. जुनी वस्तू होती तशी राखणं म्हणजे काय, हे त्यांनी तिथं बघितलंय. मी शेवटी एवढंच म्हटलं, "आबा, मेबॅक वर्षातनं एकदा भाईर पडते. तिला पुरातनं भाईर काढायची पाळी येत न्हाई." मी शहरात राहून शाळेत शिकवते, बोलणं बदललंय, पण आबांशी बोलताना गावाकडचंच येतं.

या प्रश्नावर मी नंतरही पुष्कळ विचार केला. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले: पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली गाडी. आमची पिकअप वयानं २०२४ मध्ये त्यात बसली असती, पण इंजिन १९८७ मध्येच बदललेलं. म्हणजे कागदावर ती तेव्हाच मूळची राहिली नव्हती. आबांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून इंजिन बदललं, ते चाललं. आता खांदा चालत नाही म्हणून स्टेअरिंग बदललं तर का चालू नये? आणि माझ्यासाठी बदललं तर? हा शेवटचा प्रश्न मी मोठ्यानं विचारला नाही.

विज्ञान शिकवत असल्यानं पास्कलचा नियम मी फळ्यावर शेकडो वेळा काढला असेल. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडं सारखा पसरतो. पण गाडीच्या स्टेअरिंगमध्ये तो काय करतो हे, ज्यांच्याकडं गाडी पुढं गेली त्या मिस्त्रींनी तुटका बॉक्स हातात देऊन दाखवलं तेव्हा मी खरंच थक्क झाले. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि तेलाला ८०-१०० बारपर्यंत दाब देऊ शकतो. कारच्या टायरमध्ये हवा दोनेक बारची असते, त्यावरून अंदाज यावा. ते तेल बॉक्समधल्या पिस्टनला कुठल्या बाजूनं ढकलणार हे ठरवते एक सळई. जाड पेन्सिलीएवढी पोलादी सळई, स्टेअरिंगच्या दांड्यात बसवलेली. आपण स्टेअरिंग वळवलं की आधी ही सळई पिळते, अगदी काही अंश. तेवढ्या पिळानं वॉल्व्ह उघडतो, तेल एका बाजूला धावतं, पिस्टन सरकतो, चाकं वळतात. हातानं मागितलं तेवढी चाकं वळली की सळईचा पीळ सुटतो आणि वॉल्व्ह मिटतो. म्हणजे तेल स्वतःहून काही करत नाही. हात जेवढं मागेल तेवढंच देतं. हात थांबला की थांबतं.

हे डोकं फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं. तो पिअर्स-अ‍ॅरो कंपनीत ट्रक विभागात होता, आणि जड ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे होणारे हाल त्यानं बघितले होते. १९२६ मध्येच त्यानं गाडीवर ते चालवून दाखवलं. पण मंदी आली, खर्च परवडेना, कारखान्यांनी ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांवर त्याचा वापर झाला आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इंपीरियलवर. पंचवीस वर्षं! आमच्याकडं जड स्टेअरिंगच्या जीपगाड्या तयार होत होत्या त्याच्या कितीतरी आधी त्यावरचा उपाय तयार होता. आता तर तो आपल्या दारात तयार होतो: झेडएफ स्टेअरिंग गिअरचा कारखाना पुण्याजवळ वढू बुद्रुकला आहे, संभाजीराजांच्या समाधीच्या गावात. आणि आमच्या भागात ऊस वाहणारा नवा ट्रॅक्टर बघा, त्यालाही पॉवर स्टेअरिंग असतं. दोन ट्रॉल्यांपुढं बसलेला पोरगा एका हातानं वळवतो.

काम सुरू व्हायला पूर, मग लॉकडाऊन, मग २०२१ चा दुसरा पूर असं होत होत दिवाळी उजाडली. त्या दुसऱ्या पुरात आम्ही शहाणे झालो होतो, पिकअप आधीच ट्रॅक्टरला बांधून माळावर नेऊन ठेवली.

पहिल्यांदा मी ज्या गॅरेजला गाडी दिली त्यांनी आठ दिवसांत काम उरकलं. बोलेरोचा जुना पॉवर बॉक्स, पंप, होज पाईप, सगळं जागच्या जागी. बॉक्स चेसिसला चार भोकं पाडून सरळ बोल्टनं आवळलेला. गाडी लोण्यासारखी वळायला लागली. मी आनंदात. महिन्याभरानं डाव्या वळणावर 'कट्' असा आवाज यायला लागला. वाकून बघितलं तर बोल्टाच्या भोकापासून चेसिसला केसासारखी चीर गेलेली.

त्या चिरेनं मला जे शिकवलं ते सळईनंही शिकवलं नव्हतं. पूर्वी आबा स्टेअरिंग ओढत तेव्हा जोराला मर्यादा होती, त्यांच्या खांद्याची. चाक दगडाला अडलं तर आबा थांबत. आता तेल थांबत नाही. ते रेटत राहतं, आणि जेवढ्या जोरानं चाकाला रेटतं तेवढ्याच जोराची उलट प्रतिक्रिया बॉक्समधून चेसिसला बसते. न्यूटनचा तिसरा नियम, तोही मी दरवर्षी शिकवते. १९७४ साली त्या पत्र्याच्या चॅनेलनं एवढ्या माराची तयारी केलेलीच नव्हती. जडपणा गेला नव्हता. आबांच्या खांद्यावरून उतरून चेसिसच्या खांद्यावर बसला होता, आणि आम्ही चेसिसला विचारलंही नव्हतं.

तिथून गाडी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आली, एका वयस्क मिस्त्रींकडं. उद्यमनगर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते: एका गल्लीत लेथ, पुढच्या दारात मिलिंग, त्याच्या बाजूला गिअर कापणारा, समोर वेल्डिंग, आणि सगळ्यांना एकमेकांचं काम ठाऊक. ऑइल इंजिनं आणि पंप घडवत घडवत हे गाव यंत्रं करायला शिकलं. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता याच कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला होता. ती हिंमत इथल्या हवेत अजून आहे, असं मला प्रत्येक वेळी त्या गल्लीत उभं राहिल्यावर वाटतं.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पॉवर बॉक्सला हातही लावला नाही. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि एक चाक वर-खाली धरून हलवलं. डगडग. "ताई, ह्ये आधी." किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे, बेअरिंग गेलेले, टायरॉडचे जोड सैल, आणि मधली बेलक्रँक नावाची तरफ तर बोटानं हलत होती. जुन्या जीपच्या पद्धतीत ड्रॉप आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक मधल्या बेलक्रँकला, ती दोन्ही बाजूंच्या टायरॉडना, आणि मग चाकं. पाच-सहा जोड. प्रत्येकात थोडा प्ले, म्हणजे ढिलाई, आणि सगळ्यांची बेरीज आबांच्या हातात. मिस्त्री म्हणाले, "जड स्टेअरिंग निदान बोंबलून सांगतंय काय बिघडलंय. पॉवर बसवली की गाडी दुखणं अंगावर काढती, कळत न्हाई. म्हणून दुखणं आधी काढायचं." सगळे जोड नवे पडले. बेलक्रँक काढून टाकली. बॉक्सपासून सरळ डाव्या चाकाकडं जाणारी लांब ड्रॅग लिंक आणि दोन्ही चाकांना जोडणारा एकच टायरॉड, दोन्ही एकमेकांना समांतर, म्हणजे खड्ड्यात स्प्रिंगचा पाटा दबला तरी चाक आपोआप वळू नये.

चेसिसची चीर टोकाला बारीक भोक मारून थांबवली, मग वेल्ड केली, आणि आतून-बाहेरून जाड प्लेट बसवून चॅनेलची तिथं पेटीच केली. बोल्टांच्या आत पाईपच्या नळ्या घातल्या, आवळताना चेसिस चेपू नये म्हणून. एवढं सगळं त्या एका बॉक्सच्या पाठीशी उभं केलं.

मग पंप. प्युजोच्या त्या इंजिनावर पंप धरायला आमच्याकडं तयार जागा नव्हती. पहिल्या गॅरेजनं पट्टी वाकवून ब्रॅकेट केला होता. तो थरथरायचा आणि पट्टा किंचाळायचा. मिस्त्रींनी पुठ्ठा कापून आकार काढला, त्यावरून सुताराकडून लाकडी पॅटर्न करून घेतला आणि शिरोलीच्या एका ओळखीच्या फाउंड्रीत दुसऱ्या कुणाच्या मोठ्या कामाबरोबर आमचा एकच नग ओतून घेतला. एसजी आयर्नचा, म्हणजे चिवट बिडाचा. मी मुद्दाम बघायला गेले. काळ्या वाळूच्या साच्यात लाल-पिवळा रस पडताना बघितला, आणि मला गुऱ्हाळ आठवलं. काहिलीतून गूळ वाफ्यात ओततात तेव्हा गुळव्याची नजर जशी असते, तशीच त्या ओतणाऱ्याची नजर होती. जगात दुसरीकडं कुठंच नसलेला एक ब्रॅकेट. पॅटर्नची मजुरी ओतकामाहून जास्त लागली आणि मला ती एका रुपयानंही जड वाटली नाही.

आबा एव्हाना रोज यायला लागले होते. केएमटीच्या बसनं यायचे, दुपारपर्यंत स्टुलावर बसायचे, कुणाशी फार बोलायचे नाहीत. एकदाच त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "पट्टा तुटला तर?" प्रश्न खरा होता. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "वळवा." आबांनी डाव्या हातानं ओढलं. जड, पूर्वीपेक्षाही जड, पण वळलं. दांडा आणि चाक यांचं नातं पोलादाचंच असतं, तेल नुसतं मदतीला असतं. आबांना ते पटलं. त्या दिवसापासून त्यांचा विरोध मावळला, असं मला वाटतं.

त्यांनी एकच मागणी केली. "चाक तेवढं तेच ऱ्हाऊ दे." चाक म्हणजे स्टेअरिंगची रिंग. काळी, मोठी, पातळ, भेगाळलेली, जिथं त्यांचे हात असायचे तिथं गुळगुळीत झालेली. नव्या दांड्याचे दाते वेगळे, ती बसेना. टर्नरनं जुन्या चाकाचा मधला गोल काढून नव्या दात्यांचा गोल त्यात बसवला. पॉवर स्टेअरिंगला एवढं मोठं चाक लागत नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.

तेल भरायचा दिवस मला फार आवडला. लाल एटीएफ तेल. इंजिन बंद, पुढची चाकं अधांतरी, आणि मी स्टेअरिंगवर; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, पुन्हा परत. टाकीत बुडबुडे येतात, तेल खाली जातं, मिस्त्री वरून ओततात. पाइपात हवा राहिली तर तेलाचा फेस होतो आणि पंप कण्हतो, कारण हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. वीस-पंचवीस फेऱ्या केल्या. मग इंजिन सुरू. मिस्त्री म्हणाले, "टोकाला न्हेऊन धरून ठेवू नका, दोन-चार सेकंद बास. तेल तापतंय." मी टोकाला नेलं तसा इंजिनाचा आवाज थोडा खाली बसला. ओझं उचलताना माणूस 'हं' करतो ना, तसा. आता हे ओझं कोण उचलतंय ते मला ऐकू येत होतं.

पहिल्या फेरीत पंचगंगेवरच्या पुलापलीकडं केर्लीच्या दिशेनं गेले आणि मन खट्टू झालं. स्टेअरिंग हलकं, पण मुकं. वळणावरून सोडलं तर आपणहून सरळ येत नव्हतं, मला आणावं लागत होतं. रस्ता कुठं आहे ते हाताला कळेना. आबांनी जे पस्तीसेक वर्षं हातात धरलं होतं ते मी पुसून टाकलं की काय, या विचारानं मी गाडी कडेला लावली. मिस्त्रींनी हसून ते एका वाक्यात सोडवलं: "पाचर घालू या." पुढच्या पाट्याखाली, अ‍ॅक्सलच्या बैठकीवर, दोन अंशांच्या पोलादी पाचरा. जुन्या गाडीत हात हलका राहावा म्हणून किंगपिनचा मागं झुकाव, म्हणजे कॅस्टर, बेतानं ठेवलेला असतो. पॉवर आल्यावर झुकाव वाढवला तरी हाताला त्रास होत नाही, आणि चाकाला सरळ यायची ओढ लागते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तो त्यासाठीच.

पाचरांनंतर गाडी बोलायला लागली. मोठ्यानं नाही, ते ओरडणं गेलं. पण वाघबीळच्या चढावर डांबर संपून खडी लागली ते मला बोटांत कळलं. पन्हाळ्याच्या वळणांवर स्टेअरिंग हातातून सरकत आपणहून सरळ येत होतं. मी तळव्यातून ते सरकू देत होते, जसं आबा सरकू द्यायचे. काच खाली, डिझेलचा वास, रिकाम्या हौद्याचा फाळका खडखडतोय. मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि आमची गाडी खऱ्या अर्थानं पहिल्यांदा चालवत होते.

होळीच्या आदल्या दिवशी पिकअप घरी नेली. आबा शेजारी बसले होते. फाटकातून आत घेतली, गोठ्यापाशी थांबले, मागं घेतली, चिपाडाच्या गंजीपाशी वळवली, पुढं घेतली. आई ओट्यावर गव्हल्या करत बसली होती. ती उठून उभी राहिली. वृंदावनाच्या कट्ट्याला त्या रात्री लागलेला ओरखडा तसाच आहे. त्याच्यापासून हातभर अंतरावरून गाडीचं तोंड फिरलं आणि फाटकाकडं झालं.

मी उतरले. आई गाडीजवळ आली आणि म्हणाली, "मला बसू दे जरा."

ती कधी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली नव्हती. त्या रात्रीही नाही, त्या रात्री ती दुसऱ्या बाजूनं लटकली होती. साडी सावरत चढली. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, हँडब्रेक मी दोनदा तपासला. आईनं दोन्ही हातांनी रिंग घट्ट धरली, दात दातांवर ठेवले, त्या रात्रीसारखाच सगळा जीव एकवटला आणि ओढलं. चाकं सर्रकन वळली. ती दचकून थांबली. मग एका हातानं डावीकडं नेलं. मग उजवीकडं. चिखल वाळून कडक झालेल्या त्या अंगणात पुढच्या टायरांनी दोन चंद्रकोरी काढल्या.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.

कुणीच उत्तर दिलं नाही. ती पुन्हा वळवत राहिली, सावकाश, रिंगच्या गुळगुळीत झालेल्या जागेवरून हात फिरवत. आबा अजून शेजारच्या सीटवरच होते. ते तिच्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी आपला वाकडा अंगठा पुढं केला आणि तिच्या अंगठ्याला हळूच लावला.

"भाईर ठेव," ते म्हणाले. "अंगठा भाईर."